धुकं झाडांवर अंतर लिहून ठेवतं

नवी मुंबईतल्या खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये जानेवारीच्या पहाटे चालायला जाणाऱ्यांना हा देखावा ओळखीचा असेल. पलीकडचे डोंगर नाहीसे झालेले, दूरची झाडं पुसट, जवळचं एखादंच झाड काळंभोर. अशा वेळी काढलेला फोटो सुंदर येतो, कारण मागचे टॉवर आणि विजेच्या तारा झाकल्या जातात. पण धुकं नुसतं झाकत नाही. प्रत्येक झाड किती लांब आहे, हे ते त्याच्या फिकेपणात नोंदवून ठेवतं, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

निरभ्र रात्री वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते. तिला लागून असलेली दमट हवाही गारठते आणि हवेतल्या सूक्ष्म कणांवर वाफेचे थेंब धरतात. असा थेंब बहुधा १० ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसापेक्षा कितीतरी बारीक. एक घनमीटर धुक्यातलं सगळं पाणी गोळा केलं तर सहसा अर्धा ग्रॅमही भरत नाही. तेवढ्या पाण्यानं अख्खा डोंगर दिसेनासा होतो, कारण ते कोट्यवधी थेंबांत वाटलेलं असतं आणि प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो. थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्यानं सगळे रंग जवळपास सारखेच विखुरले जातात, म्हणून धुकं पांढरं. धूर-धुळीचे कण त्याहून बारीक असतात. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून धुरक्यातून सूर्य तांबूस दिसतो. नवी मुंबईत सकाळी दिसतं ते पुष्कळदा धुरकंच असतं, हेही मान्य करायला हवं.

आता अंतराचं गणित. झाडाकडून निघालेला प्रकाश वाटेत विखुरत कमी होतो आणि मधल्या धुक्याचा स्वतःचा उजेड त्यात मिसळत जातो. जर्मन हवामानशास्त्रज्ञ हाराल्ड कोश्मीडर यांनी १९२४ साली याचा नियम मांडला: झाड आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, ठरावीक अंतरागणिक ठरावीक पटीनं घटतो. तो २ टक्क्यांवर आला की वस्तू दिसत नाही, असं धरतात. समजा, २०० मीटरपर्यंतचंच दिसतंय. मग दर ३५ मीटरला कॉन्ट्रास्ट निम्मा होतो. ३५ मीटरवरचं झाड ५० टक्के, ७० वरचं २५, १०५ वरचं साडेबारा. फोटोत एकामागे एक पडदे लावल्यासारखे थर दिसतात ते यामुळे. पाच-पाच मीटरवर लावलेल्या झाडांचे थर मात्र सुटे होत नाहीत, सगळी एकाच राखाडीत मिसळतात. म्हणून धुक्यात दोन पावलं बाजूला सरकून झाडांच्या फटीतून मागचं झाड शोधणं हे लेन्स बदलण्यापेक्षा जास्त मोलाचं.

कॅमेऱ्याला हे पांढरेपण कळत नाही. त्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं, त्यामुळे धुकं मळकट येतं. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, साधारण एका स्टॉपनं (दुपटीनं) वाढवावं. फ्लॅश बंदच ठेवावा, नाहीतर लेन्सजवळचेच थेंब उजळतात. सूर्य वर आला की त्याच्या दिशेनं तोंड करून उभं राहावं. थेंब बहुतांश प्रकाश पुढच्या बाजूला फेकतात, म्हणून फांद्यांमधून येणारे झोत समोरूनच ठळक दिसतात.

फोटोतली ही अंतराची नोंद संगणकालाही वाचता येते. संगणकशास्त्रज्ञ काइमिंग हे (‘हे’ हे त्यांचं आडनाव) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एकाच फोटोतून धुकं हटवण्याची पद्धत मांडली. स्वच्छ हवेतल्या फोटोत, आकाश वगळता, जवळपास प्रत्येक छोट्या भागात लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एखादा रंग कुठेतरी अगदी मंद असतो. तो मंद नसेल, तर तो जास्तीचा उजेड धुक्याचा. तो मोजला की धुकं वजा करता येतं आणि जोडीला कुठलं झाड किती मागे याचा नकाशाही मिळतो. ही पद्धत फसते ती पांढऱ्या वस्तूंपाशी. बागेतली चुन्यानं रंगवलेली भिंत जवळ असली, तरी या हिशेबात ती लांब गेलेली निघते.