एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे, मग गरमीची टेस्ट कशाला?

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, 'सापडला नाही' असा रिपोर्ट हातात आला की जीव भांड्यात पडतो, आणि पडायलाच हवा, कारण लोड तसाच दबलेला राहिला तर सेक्समधून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही. युरोपातल्या पार्टनर स्टडीत, म्हणजे एकाला एचआयव्ही आणि तो औषधाने दबलेला अशा जोडप्यांच्या अभ्यासात, काही जणांना मधेच दुसरे गुप्तरोग झाले होते, तरी एकालाही आपल्या जोडीदाराकडून एचआयव्ही लागला नाही. पण एआरटीची गोळी आवरते ती फक्त एचआयव्हीला. गरमी, परमा (गनोरिया) यांचं ती काहीच करत नाही, आणि हे कित्येकांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्यात गरमी, म्हणजे सिफिलिस, सगळ्यात फसवी. जखम होते पण दुखत नाही, बायकांमधे आतल्या बाजूला असली तर दिसतही नाही, तीन ते सहा आठवड्यात आपोआप भरते आणि वाटतं चला, गेलं एकदाचं. गेलेलं नसतं. पुढे तळहात-तळपायावर पुरळ येऊ शकतं, तेही जातं, जंतू मात्र आतच, आणि एचआयव्ही असलेल्यांत तो मेंदू-डोळ्यापर्यंत लवकर पोचू शकतो. अचानक धूसर दिसायला लागलं तर नुसता चष्म्याचा नंबर काढून घेऊ नका, एआरटीच्या डॉक्टरांनाही सांगा.

म्हणून व्हीडीआरएल ही गरमीची रक्ताची टेस्ट करायची, त्रास नसला तरी वर्षातून एकदा. सुरुवातीच्या गरमीला पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकच इंजेक्शन पुरतं, एचआयव्ही असला तरी डोस तोच, जुनी असेल तर दर आठवड्याला एक अशी तीन. नंतर रिपोर्टचा आकडा बघायचा, १:३२ चा १:८ झाला की औषध लागू पडलं. जोडीदाराचा इलाज राहिला तर मात्र परत होते.

ज्यांना एचआयव्ही नाही त्यांनीही ऐका. पुण्यात नारी (NARI, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था) इथल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात गुप्तरोग क्लिनिकमधल्या पेशंटचा अभ्यास केला, त्यात गुप्तांगावर जखम असलेल्यांना एचआयव्ही जास्त लागताना दिसला. कातडी फाटलेली, वर जखमेकडे धावून येणाऱ्या सीडी४ (रोगाशी लढणाऱ्या) पेशी म्हणजे एचआयव्हीला हव्या त्याच.

बायकांनी एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणीही मागून घ्या, एचआयव्ही असेल तर या कॅन्सरचा धोका साधारण सहापट असतो आणि जागतिक आरोग्य संघटना (डब्ल्यूएचओ) २५ व्या वर्षापासूनच तपासायला सांगते.

सरकारी हॉस्पिटलमधे गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे जखमेसाठी पांढरं किट मिळतं, पेनिसिलिन आणि सिरिंजसकट, फुकट.