अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण वर्ल्डकपला गेलो नाही, हे खरं नाही

परवा डेक्कनला चहा पिताना परत तेच ऐकलं, की १९५० च्या फुटबॉल वर्ल्डकपमध्ये फिफाने आपल्याला अनवाणी खेळू दिलं नाही, म्हणून आपण गेलो नाही आणि म्हणून भारतात फुटबॉल मागे पडला न् क्रिकेट पुढे गेलं. अहो, नाही हो!

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बरेचसे खेळाडू अनवाणीच खेळले होते, फ्रान्सकडून २-१ हरलो तेही दोन पेनल्टी हुकल्या म्हणून. १९५० ला पात्रता फेरीच्या गटातले बाकीचे देश हटले म्हणून आपल्याला जागा मिळाली, पण आपल्याच फुटबॉल फेडरेशनने नाव काढून घेतलं आणि कारण दिलं टीम निवडीवरचे मतभेद आणि सरावाला कमी वेळ. त्या काळात ऑलिंपिकपुढे वर्ल्डकपची किंमतच कोणाला वाटत नव्हती, आणि बूट हे कारण नव्हतं असं कॅप्टन शैलेन मन्नांनी स्वतः नंतर सांगितलंय.

बरं त्यानंतर फुटबॉल संपला का? १९५१ आणि १९६२ ला एशियाडचं गोल्ड, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला चौथा नंबर! क्रिकेटची खरी लाट आली १९८३ चा वर्ल्डकप जिंकल्यावर, त्याच सुमारास घरोघरी टीव्हीही आला.

आणि लांब कशाला, पुण्याहून चार-पाच तासांवर कोल्हापूर आहे. तिथे पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशा पेठांच्या टीम, शाहू स्टेडियमला मॅच असली की गर्दी बघा. कुस्तीच्या तालमींनीच तिथे फुटबॉल जपलाय.