पितळेच्या अंगातला ताण

मिरजेत सतारी-तंबोरे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांचा मूळ व्यवसाय हत्यारांना धार लावण्याचा आणि ती दुरुस्त करण्याचा होता. तलवारींचे दिवस सरले आणि तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या तंबोऱ्यावरची खर्जाची तार पितळेची असते आणि बंदुकीच्या काडतुसाची पुंगळीही पितळेचीच. खुंटीवरून सोडवलेली जुनी तार त्याच वळणावर पुन्हा गुंडाळू गेल्यास नेमकी तिथे मोडते आणि वारंवार वापरलेल्या पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरून ठेवणारे तिचे तोंड, उभी चिरते, या दोन्हींमागे धातूचा एकच स्वभाव आहे.

काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. जाड पत्र्याची चकती ठशांमधून टप्प्याटप्प्याने ओढत तिची नळी करतात, आणि मधल्या टप्प्यांवर ती भट्टीत तापवून मऊ केली नाही तर पुढच्या ओढीत ती फाटते. बार उडाला की पुंगळी फुगून बंदुकीच्या नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि लगेच किंचित आकसते, म्हणून ती बाहेर काढता येते. अमेरिकेसारख्या देशांत अनेक नेमबाज अशा रिकाम्या पुंगळ्या साफ करून, साच्यात दाबून मूळ मापावर आणतात आणि घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे दारूगोळा तयार करण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो. तेव्हा हा उद्योग घरी करण्याचा नव्हे. त्यामागचे धातुशास्त्र मात्र माजघरातल्या घागरीलाही लागू पडते.

पितळ हे असंख्य बारीक स्फटिकांचे बनलेले असते. त्यांतल्या अणूंच्या रांगांमध्ये ठिकठिकाणी विसंगती असतात, आणि धातू वाकतो, ताणला जातो तो या विसंगती सरकल्यामुळे. ठोकताना किंवा ओढताना त्यांची संख्या प्रचंड वाढते व आठवडी बाजाराच्या अरुंद बोळात बैलगाड्या एकमेकींना अडाव्यात तशा त्या परस्परांना अडवू लागतात. धातू कडक होतो, त्याचे बळ वाढते. पण आणखी वाकण्याची त्याची तयारी संपत आलेली असते. तंबोऱ्याच्या तारेला हा कडकपणा हवाच असतो, कारण मऊ तार सुरावर ताणून ठेवता येणार नाही.

कडक झालेले पितळ तापवले की मऊ होते, हे तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांडे घडवण्याचे काम, करताना भांडे कडक झाले, की ते तापवून घेऊन पुढचे ठोके मारायचे. सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे जुन्या विस्कटलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, ताणमुक्त स्फटिक झपाट्याने तयार होतात. तापलेले पितळ पाण्यात बुडवले तरी ते पोलादासारखे कडक होत नाही. त्यामुळे लोहाराचा अनुभव इथे कामाचा नाही.

पुंगळीच्या बाबतीत खरा प्रश्न उष्णता कुठे द्यायची, हा आहे. मान दर वेळी फुगते, दाबली जाते आणि कडक होत जाते, म्हणून काही सेकंद तेवढीच तापवतात. बुडाचा भाग मात्र स्फोटाचा दाब सोसत असल्याने कडकच राहिला पाहिजे. तो मऊ पडला तर पुंगळी फुटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतात. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी छटा दिसते, ती याच तापवण्याची खूण. नवशिक्यांचा सारा जीव पुंगळ्या चकचकीत करण्यात गुंतलेला असतो, पण लकाकीवरून धातूच्या आतला ताण कळत नाही.

हा ताण किती घातक ठरतो, ते ब्रिटिश सैन्याने भारतातच पाहिले. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या, एकही बार न उडवता, आपोआप तडकत असत. पावसाळा आला की तडे जात, म्हणून दोष हवामानाला दिला जाई. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ साली उलगडा केला तो असा: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर जमणाऱ्या ओलाव्यात विरघळतो, तांब्याशी संयोग पावतो आणि घडणीच्या वेळचा ताण जिथे उरला असेल तिथे स्फटिकांच्या सीमांवरून तडा आत शिरतो. ताण, अमोनिया आणि ओलावा या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तरी हे तडे जात नाहीत. उपायही त्यातूनच निघाला. पितळ सुमारे २५० ते ३०० अंशांवर काही काळ ठेवले, तर कडकपणा फारसा न घटता आतला ताण सैल होतो.

पाटण-जावळीकडच्या जुन्या घरांत गोठा आणि माजघर एकाच छपराखाली असते आणि पावसाळ्यात भिंतींना महिनोन्‌महिने ओल असते. तिथे बैलाच्या गळ्यातल्या ओतीव घंटेला या तड्यांची फारशी भीती नाही, कारण ओतकामात ठोकण्या-ओढण्याचा ताण येत नाही. पत्र्यापासून ठोकून केलेली घागर मात्र गोठ्यालगतच्या फळीवर वर्षानुवर्षे पालथी ठेवू नये. ती घासायला चिंच चांगली. तिच्यातील आम्ल वरचा काळा थर विरघळवते आणि नंतर पाण्याने धुऊन टाकता येते. बाजारातले पॉलिश घेताना त्यात अमोनिया आहे का, ते डब्यावर वाचून पाहावे.