तार सरकली की शरीराला सवय झाली?

मणक्याच्या ऑपरेशननंतरही पायातली जळजळ थांबत नाही, म्हणून मज्जारज्जूपाशी स्टिम्युलेटर बसवला जातो: बारीक तारेतून विजेच्या सौम्य लहरी सोडणारं मशीन. जुन्या पद्धतीत त्याने दुखऱ्या जागी झिणझिण्या येतात आणि दुखणं झाकलं जातं. काही काळ बरा जातो आणि दुखणं परततं. घरचे म्हणतात, मशीन फेल गेलं. खरं तर या एकाच तक्रारीमागे दोन वेगळी कारणं असू शकतात, आणि ती न तपासता मशीन काढायला निघणं मला चुकीचं वाटतं.

पहिलं कारण, तार सरकणं. सुईतून आत सोडलेल्या बारीक तारेला सुरुवातीला घट्ट धरून ठेवणारं फारसं काही नसतं. भोवती ऊती धरेपर्यंत, साधारण ६ ते ८ आठवडे, वाकू नका, कंबर पिळू नका, जड उचलू नका असं बजावतात ते यासाठीच. मान जास्त हलते, म्हणून मानेतली तार अधिक सरकते. इथे फरक बहुधा अचानक पडतो आणि झिणझिण्यांची जागा बदलते: पोटरीत यायच्या त्या बरगडीपाशी येऊ लागतात. समोरून आणि बाजूने एक्स-रे काढून ऑपरेशननंतरच्या जुन्या एक्स-रेशी ताडला की उलगडा होतो. म्हणून तो जुना एक्स-रे जपून ठेवाच. तारेवर बहुतेक वेळा ८ विद्युतबिंदू असतात. थोडीच सरकली असेल तर दुसरे बिंदू चालू करून काम भागतं, नाहीतर पुन्हा ऑपरेशन.

दुसरं कारण, शरीराला लहरींची सवय होणं. ते याहून संथ. झिणझिण्या जिथल्या तिथे, एक्स-रे जसाच्या तसा, तारेचा विद्युतरोधही (तिच्यातून वीज नीट जाते का, याचं माप) ठीक. आराम मात्र महिनोन्‌महिने ओसरत जातो. इथे तार हलवून काही साधत नाही. लहरींचा प्रकार बदलून पाहतात, किंवा मशीन काही आठवडे बंद ठेवतात.

एक अडचण आहे. झिणझिण्यांनी दुखणं झाकायची रीत १९६७ साली अमेरिकी न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी केलेल्या पहिल्या रोपणापासूनची. १०,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०,००० लहरी सोडणाऱ्या नव्या मशीनमध्ये झिणझिण्या येतच नाहीत, त्यामुळे रुग्णाच्या हातातली सर्वांत सोपी खूण जाते. अशा वेळी एक्स-रे लवकर काढावा.

पायात नव्याने कमजोरी आली किंवा लघवी अडली, तर या दोन्हींचा विचार करत बसू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.