पार्श्वभूमी : फायबरग्लासची होडी, तळावरचे फोड आणि एक अपुरा शब्द

हौशी होडीमालकाने आपली होडी आपणच दुरुस्त करावी ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. लाकडी होड्यांच्या काळात कुजलेली फळी काढून नवी बसवणे किंवा फळ्यांमधल्या फटींत तागाचे धागे ठोकून त्यावर राळ भरणे ही मुरलेल्या सुताराची कामे होती. मालकाच्या वाट्याला रंग, वार्निश आणि हंगाम संपल्यावर अंथरायची ताडपत्री एवढेच येई. हे चित्र पालटले ते पाण्यात न सुटणारे कृत्रिम गोंद आणि त्यांनी चिकटवलेले प्लायवूड दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वांना मिळू लागले तेव्हा. 1963 मध्ये ब्रिटनमध्ये 3.3 मीटर लांबीच्या एका छोट्या शिडाच्या होडीचे सुटे भाग खोक्यात घालून विकायला निघाले. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांध्यांवर आतून-बाहेरून रेझिनमध्ये (सुकल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली काचतंतूंची पट्टी चिकटवायची, इतकी ती कृती सोपी होती. अशा होड्यांची संख्या पुढे 70,000 च्या वर गेली. पहिल्यांदाच होडी वापरणाऱ्यांचा एक मोठा वर्ग असा तयार झाला, ज्याला आपल्या होडीच्या आत काय आहे हे स्वतःच्या हातांनी ठाऊक होते.

फायबरग्लास त्याआधीच आले होते. पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू यांची पहिली छोटी होडी 1942 मध्ये अमेरिकेत साच्यातून निघाली आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या शिडाच्या होड्याही त्याच पद्धतीने एकामागून एक निघू लागल्या. ‘देखभालीची गरज नाही’ या आश्वासनावर त्या विकल्या गेल्या. गंमत अशी की देखभाल नको म्हणून घेतलेल्या याच सामग्रीने दुरुस्ती मालकाच्या आवाक्यात आणली. तळाला भोक पडले तर कडा बाराला एक अशा उताराने घासायच्या, म्हणजे 5 मिलिमीटर जाडीच्या भिंतीला सर्व बाजूंनी 60 मिलिमीटर उतार द्यायचा, आणि मग काचतंतूंचे थर भरून काढायचे. हे ज्याला समजले त्याला सुताराकडे धावण्याचे कारण उरले नाही.

हा आत्मविश्वास पुढे डळमळला, आणि त्याला एक शब्द बराच कारणीभूत आहे. 1970 च्या दशकात फायबरग्लासच्या होड्यांना पाणरेषेखाली फोड येत असल्याच्या तक्रारी वाढू लागल्या. होडी पाण्याबाहेर काढून धुतल्यावर लगेच, तिरप्या उजेडात तळाकडे पाहिले तर ते दिसतात. काही मसुरीएवढे असतात, काही हाताच्या पंजाएवढे, आणि होडी कोरडी पडत गेली की त्यांतले बरेचसे बसून जातात. फोड टोचताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण आतला द्रव दाबाखाली असतो आणि पिचकारीसारखा उडतो. तो बोटांना चिकट लागतो, त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि निळा लिटमस कागद त्यात लाल होतो. समुद्राच्या किंवा तळ्याच्या पाण्यात यातले काहीच नसते. या एका निरीक्षणाकडे त्या काळात द्यायला हवे होते तेवढे लक्ष दिले गेले असते, तर पुढचा बराच घोळ टळला असता.

या विकाराला नाव मिळाले ‘ऑस्मोसिस’, म्हणजे परासरण. शाळेत शिकलेल्या सर्वांना ते ओळखीचे होते. मद्यार्काने भरलेल्या भांड्यावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते पाण्यात बुडवले तर पाणी आत शिरून पडदा फुगतो, हे 1748 मध्येच दाखवून झाले होते. जेलकोट, म्हणजे होडीचा सर्वांत बाहेरचा गुळगुळीत रेझिनचा थर, हा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा पडदा, बाहेर पाणी, आत काही विद्राव्य पदार्थ आणि म्हणून फोड, अशी ती जुळणी होती. शब्द खोटा नव्हता. फोड फुगतो तो याच कारणाने, आणि गोड्या पाण्यात व उबदार पाण्यात फोड लवकर येतात हेही त्यातून नीट उलगडते. पण तो अपुरा होता, कारण आत विद्राव्य पदार्थ आले कुठून या प्रश्नाला तो हात घालत नव्हता.

उत्तर रसायनशास्त्रात होते. पॉलिएस्टर रेझिन आम्ल आणि ग्लायकॉल यांच्या जोडणीतून बनते. पाण्याची वाफ जेलकोटमधून सावकाश आत झिरपते आणि ही जोडणी जिथे कच्ची असेल तिथे ती उलटी फिरवते. त्यातून आम्ल आणि ग्लायकॉल पुन्हा सुटे होतात. साच्यात काम करताना नीट न भिजलेले काचतंतू, रेझिन कडक करणारा हार्डनर कमी पडल्याने अर्धवट सुकलेले रेझिन, काचतंतूंची चटई बांधून ठेवणारा पाण्यात विरघळणारा गोंद, अडकलेले हवेचे बुडबुडे, अशा जागांपासून सुरुवात होते. म्हणजे मूळ दोष बांधणीच्या दिवशीचा असतो आणि पाणी तो फक्त उघडा पाडते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही, कारण शब्दाने उपचार ठरवला. ‘पाणी शिरले आहे’ असे म्हटले की ‘ते वाळवा आणि दार बंद करा’ हे ओघाने आलेच. 1980 च्या दशकात असंख्य होड्या जेलकोट खरवडून महिनोन्‌महिने छपराखाली वाळवल्या गेल्या, आर्द्रतामापकाचा काटा खाली येण्याची वाट पाहिली गेली आणि मग त्यांना इपॉक्सीचे, म्हणजे पाणी सहज आत न सोडणाऱ्या दुसऱ्या जातीच्या रेझिनचे, थर चढवले गेले. पण अशा सुट्या झालेल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू 188 अंश सेल्सिअस आहे. ते वाऱ्याने उडून जात नाही, उलट हवेतली ओल स्वतःकडे ओढते. आर्द्रतामापकाला पाणी आणि हे मिश्रण यांतला फरक कळत नाही, त्यामुळे काटा महिनोन्‌महिने हलत नसे. शेवटी कंटाळून इपॉक्सी लावली जाई आणि काही हंगामांत त्याखाली पुन्हा फोड येत. ग्लायकॉल पाण्यात सहज विरघळते. उघडा केलेला तळ दाबाच्या गोड्या पाण्याने, शक्यतो गरम पाण्याने, पुनःपुन्हा धुणे आणि मगच वाळवणे ही पद्धत त्यामुळे रुजली, पण उशिरा. ज्या होडीत पाणी शिरले आहे तिला पाण्यानेच धुवायचे, हे ‘ऑस्मोसिस’ शब्द डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाच्या गळी उतरणे अवघडच होते.

शब्दाचा दुसरा परिणाम व्यवहारातला होता. तपासनिसाच्या अहवालात तो एकदा आला की होडीची किंमत कोसळे. फिरत्या पात्यांनी संपूर्ण तळ सोलून काढणारी यंत्रे आली आणि त्याबरोबर ‘हे घरगुती काम नव्हे’ हा सूरही आला. या सुरात तथ्य अजिबात नव्हते असे नाही, कारण जिथे आतले थर एकमेकांपासून सुटले आहेत तिथे सोलणे आणि नवे थर देणे याला पर्याय नसतो. पण विखुरलेले, जेलकोटलगतचे फोड हा बहुतांशी दिसण्याचा दोष असतो आणि त्यासाठी अख्खा तळ सोलणे म्हणजे घामोळ्यांवर शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे. प्रत्येक फोड उघडायचा, कडा उताराने घासायच्या, धुवायचे, वाळू द्यायचे आणि इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरायची, ही कामे कोणताही धीराचा मालक करू शकतो. केवळ फोडांमुळे होडी बुडाल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

बांधणाऱ्यांनी पुढे रेझिन बदलले. स्वस्त ऑर्थोफ्थॅलिक पॉलिएस्टरऐवजी पाण्याला अधिक दाद न देणारे आयसोफ्थॅलिक आणि बाहेरच्या थरांत व्हिनिलएस्टर रूढ झाले आणि नव्या होड्यांत ही तक्रार विरळ झाली. जुन्या होड्यांच्या मालकांकडे इपॉक्सीचा सुमारे 250 मायक्रॉनचा अडथळा-थर आला. तिथेही एक खोच आहे. अनेक इपॉक्सी सुकताना पृष्ठभागावर मेणचट थर सोडतात. तो पाण्याने आणि खरबरीत स्पंजने न धुता तसाच पॉलिशपेपर चालवला तर पेपर भरून जातो आणि पुढचा रंग पापुद्र्याने सुटतो.

शेवाळ-शिंपले रोखणाऱ्या रंगांचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. इथे इतकेच की शिंपल्यांची वाढ बिघडवणारे ट्रायब्युटिल टिनचे रंग छोट्या होड्यांसाठी फ्रान्सने 1982 मध्ये, ब्रिटनने 1987 मध्ये आणि अमेरिकेने 1988 मध्ये बंद केले, तर त्यांवरचा आंतरराष्ट्रीय करार 2008 मध्ये लागू झाला. तळ घासण्याचे काम त्यानंतर मालकाच्या मर्जीचे राहिले नाही. जुन्या रंगाची धूळ शोषून घेणारे यंत्र जोडल्याशिवाय ग्राइंडर चालवू न देणे हा अनेक दुरुस्तीतळांचा नियम त्यातूनच आला.

फोडांवर इतकी शाई खर्च होत असताना त्याच काळातल्या होड्यांचा जास्त गंभीर दोष मात्र डेकवर, म्हणजे होडीच्या वरच्या फरशीवर, सर्वांच्या पायाखाली होता. डेक हलका आणि ताठ व्हावा म्हणून फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड घातलेले असे. त्यात स्क्रूसाठी भोक पाडून कडा तशाच उघड्या ठेवल्या की पाणी थेट लाकडात उतरते आणि ते कुजते. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत गेले तर चांगल्या जागी टणक आवाज येतो आणि कुजलेल्या जागी बद्द. अशी अनेक भोके मालकांनीच पाडलेली असतात. भोक गरजेपेक्षा मोठे पाडायचे, आतले लाकूड थोडे कोरायचे, ती पोकळी घट्ट इपॉक्सीने भरायची आणि ती सुकल्यावर मधोमध खरे भोक पाडायचे, असा त्यावरचा उपाय आहे. त्याला एक संध्याकाळ आणि दुसरी सकाळ पुरते.