छोट्या लेथचा पट्टा तालुक्याला का मिळत नाही

तालुक्याच्या गावी मोटर-पंपाच्या दुकानात भिंतभर पट्टे लटकलेले असतात. चक्कीचा मिळतो, थ्रेशरचा मिळतो, कडबाकुट्टीचा मिळतो. घरच्या छोट्या लेथचा, म्हणजे धातू किंवा लाकूड फिरवून कातायच्या यंत्राचा, मात्र सहसा मिळत नाही. भिंतीवरचे पट्टे आणि लेथमधला पट्टा वेगवेगळ्या घराण्यांतले आहेत, आणि ही घराणी ओळखल्याशिवाय योग्य माप घेता येत नाही.

विदर्भात यांत्रिक पट्टा आला तो कापसाबरोबर. अमेरिकेतल्या १८६१-६५ च्या यादवी युद्धात वऱ्हाडी कापसाची मागणी वाढली, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, एकच वाफेचे इंजिन असे. त्यावर लांबलचक शाफ्ट (फिरता दांडा) फिरे आणि शाफ्टवरून प्रत्येक रेच्याला, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राला, एकेक चपटा पट्टा जाई. वर्कशॉपातले लेथही असेच चालत. पायऱ्यांची कोन पुली, म्हणजे लहान-मोठ्या व्यासांची चाके एकाला एक जोडलेली, ही त्या काळाची खूण. पुलीचा माथा मधोमध किंचित फुगीर ठेवत, म्हणजे पट्टा घसरून बाहेर न जाता आपोआप मध्यावर येई. चामड्याचा किंवा कॅनव्हासचा तो पट्टा फुटावर विकत घ्यायचा, हवा तेवढा कापायचा आणि हुकाने सांधायचा. पायाने चालणाऱ्या शिलाई मशीनची गोल चामडी वादी आजही तशीच सांधतात. तेव्हा पट्ट्याला नंबरच नव्हता.

नंबर आला व्ही पट्ट्याबरोबर. रबराच्या व्ही पट्ट्याचे श्रेय १९१७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांना दिले जाते. हा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. पकड येते ती दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, तळाशी नव्हे. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आली, लांब शाफ्ट गेला आणि आखूड अंतरावर चालणारा हा पट्टा सगळीकडे पसरला. आज त्याला भारतीय मानक आयएस २४९४ आहे आणि नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पिक्स कंपनीचे पट्टे बनतात. ए म्हणजे माथ्याची रुंदी १३ मिमी व जाडी ८. बी म्हणजे १७ व ११. झेड म्हणजे १० व ६. पुढचा आकडा आतल्या घेराचे इंच सांगतो: ए-३६ म्हणजे आतून ९१४ मिमी. गावची चक्की, पंप आणि थ्रेशर ए, बी, सी मागतात, म्हणून दुकानात तेच भरलेले असतात.

लेथची अडचण इथे सुरू होते. ए पट्ट्याला साधारण ७५ मिमीहून लहान पुली मानवत नाही, आणि छोट्या लेथच्या मोटरवर ४०-५० मिमीचीच पुली असते. एवढ्या लहान वळणावर पट्टा आतून तापतो आणि त्याच्या पोटाला आडव्या चिरा पडतात. पुली ५० मिमीची आणि तिची खाच १० मिमीची असेल तर झेड घ्यावा. खाच ए मापाची असेल तर आतून दाते पाडलेला एएक्स. वॉशिंग मशीनचा एम पट्टाही १० मिमीच असतो, पण त्याच्या आकड्यावर विसंबू नये. दुकानात टेप लावूनच घ्यावा. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकतो आहे. मग पाचर बसत नाही आणि कितीही ताणले तरी तो घसरतो. अशा वेळी राळ लावली तर घटकाभर पकड येते, नंतर त्यावर धूळ आणि लोखंडाचा कीस बसून पट्टा लवकर झिजतो.

जुन्या पट्ट्यावरचे अक्षर पुसले असेल तर त्यावर खडूची रेघ मारून तो जमिनीवर एक फेरा सरळ लोळवावा. हा झाला बाहेरचा घेर. ए पट्ट्यासाठी त्यातून ५० मिमी वजा करून २५.४ ने भागावे: ९६५ मिमी आले तर ए-३६. पट्टा वापरून ताणलेला असतो, म्हणून दोन नंबरांच्या मधे माप आले तर धाकटा घ्यावा.

सर्वांत जास्त फसगत दात्यांच्या पट्ट्यात होते. हे वेगळे घराणे: पट्ट्याचे दाते पुलीच्या खाचांत अडकतात, एएक्ससारखे नुसते वळण्यासाठी नसतात. हा पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत निघाला, शिलाई मशीनची सुई आणि खालचा हूक एका तालात राहावेत म्हणून. सात इंची चिनी लेथच्या बऱ्याच मॉडेलांत दात्यांचाच पट्टा असतो: १.५ मॉड्यूल, ७० दाते. मॉड्यूल हे गिअरच्या हिशेबातून आलेले माप, १.५ ला पायने (३.१४) गुणले की दोन दात्यांतले अंतर ४.७१ मिमी येते. बाजारात ५ मिमीचा आणि एक्सएल म्हणजे ५.०८ मिमीचा पट्टा सहज मिळतो, आणि डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून पट्टा सपाट ठेवून व्हर्नियरने वीस दात्यांचे अंतर मोजावे: ९४.२ आले तर मॉड्यूल, १०० आले तर ५ मिमी, १०१.६ आले तर एक्सएल. ५ मिमीचा पट्टा मॉड्यूलच्या पुलीवर चढवला तर दहा दात्यांत जवळजवळ तीन मिमी फरक पडतो; दाते खाचेत न बसता माथ्यावर चढतात आणि सोलून निघतात. मॉड्यूलचा पट्टा मिळतच नसेल तर दोन्ही पुल्या बदलून एक्सएलवर जावे, नुसता पट्टा बदलू नये.

५एम या खुणेचे दोन अर्थ आहेत. ७१०-५एम हा ५ मिमी अंतराचा दात्यांचा पट्टा, तर ५एम७१० हा ५ मिमी रुंदीचा बारीक व्ही पट्टा. फोनवर मागवताना 'दात्यांचा' की 'व्ही' हे आधी सांगावे.

जुन्या लेथांत अखंड पट्टा बदलायचा तर स्पिंडल (काम धरून फिरवणारा मुख्य दांडा) काढावा लागतो आणि बेअरिंगची बसवणूक बिघडू शकते. तिथे कड्याकड्यांचा जोडपट्टा बरा, कारण तो हेडस्टॉकमध्येच, म्हणजे स्पिंडलच्या पेटीतच, सांधता येतो. व्ही पट्टा बसवताना मोटर पुढे सरकवून तो सैल चढवावा. पान्याने रेटून पुलीवर ओढला तर पट्ट्याच्या आतली ताण झेलणारी एका काठाची दोरी तुटते, वरून काहीच दिसत नाही, आणि काही दिवसांत पट्टा खाचेत उलटतो. ३०० मिमी अंतराच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण ५ मिमी दबावा. अर्धा तास चालवून मशीन बंद करावे आणि ताण पुन्हा बघावा.