निगडित

निगडित (विशेषण, तत्सम) : एखाद्या गोष्टीशी घट्ट जोडलेले, तिच्यापासून सहजी वेगळे न काढता येणारे.

मूळ शब्द 'निगड' म्हणजे बेडी, विशेषतः हत्तीच्या पायातला साखळदंड. अमरकोशात (संस्कृत समानार्थी शब्दांचा कोश, बहुधा इ. स. चौथे ते सहावे शतक) तो 'क्षत्रियवर्ग' या प्रकरणात हत्तीच्या सरंजामात, 'अन्दुक' या पर्यायासह आणि अंकुशाच्या शेजारी येतो. 'मृच्छकटिक' नाटकातला आर्यक कारागृहातून निसटतो तेव्हा निगड त्याच्या एका पायात तसाच अडकलेला असतो. तो स्वतःला बंधन तोडलेल्या हत्तीची उपमा देतो. पालीत हाच शब्द 'निगळ' असा आढळतो. संस्कृत कोशकार 'नि' + 'गल्' अशी व्युत्पत्ती देऊन ल-काराचा ड-कार झाल्याचे मानतात. पालीतला ळ-कार पाहता ड-ळ-ल ही अदलाबदल शक्य वाटते, मात्र 'गल्' (गळणे) या धातूतून बेडीचा अर्थ कसा निघतो हे त्यातून नीट उलगडत नाही.

'-इत' कुठून आला, याची उपपत्ती दोन प्रकारे लावता येते. पाणिनीच्या 'तदस्य सञ्जातं तारकादिभ्य इतच्' (५.२.३६) या सूत्राने, 'ते ज्याला उत्पन्न झाले आहे' या अर्थी, नामालाच प्रत्यय लागला असे म्हणता येईल (तारकित, पुष्पित यांप्रमाणे). किंवा 'निगडयति' (बेडी घालतो) या नामधातूचे, म्हणजे नामापासून बनलेल्या क्रियापदाचे, हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित ठरेल. दुसरी उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते, कारण बेडी आपोआप उगवत नाही. ती कोणीतरी घालावी लागते.

मराठीत बेडीचा अर्थ मागे पडला, पकड मात्र राहिली. शब्द '-शी' प्रत्ययाची अपेक्षा ठेवतो ('पावसाशी निगडित पीक') आणि लिंगवचनानुसार बदलत नाही. 'संबंधित' हा शब्द 'निगडित'पेक्षा सैल आहे. 'संलग्न' संस्थांच्या औपचारिक जोडणीला लागतो. विद्यापीठाशी महाविद्यालय संलग्न असते, निगडित नव्हे. 'संबद्ध' याचे 'असंबद्ध' होते, पण 'अनिगडित' कोणी म्हणत नाही. दोन गोष्टी निगडित आहेत एवढ्यावरून एक दुसरीचे कारण ठरत नाही. वृत्तलेखनात हा फरक वारंवार पुसला जातो.

'निगडीत' हे लेखन अशुद्ध. मराठीत अकारान्त शब्दाचे उपान्त्य इकार-उकार दीर्घ होतात (खीर, फूल), त्या सवयीने ते घडते. तत्सम शब्दांना तो नियम लागू नाही. 'निगडी' या वनस्पतिनामाशी (निर्गुंडी) या शब्दाचा संबंध नाही.